धर्माबादला कशाला आला होतात?

हे काही बरं केलं नाहीत तुम्ही. लातूरच्या दवाखान्यात नाकात नळी असताना मी पुन्हा विचारलं, तर हसून म्हणालात, "घरी गेल्यावर सांगतो." घरी आलात, दारातल्या लिंबाखाली खाट टाकायला लावलीत, चहा मागितलात, अर्धा प्यालात आणि निघून गेलात. चहात साखर कमी आहे तेवढं मात्र न विसरता सांगितलंत. जे सांगायचं होतं ते तसंच राहिलं.

आता कुणाला विचारू? काल जलदान विधी झाला. माणसं आली, तुमच्या फोटोला हात जोडले, चांगलं चांगलं बोलली आणि आपापल्या गावी गेली. रंजना म्हणते, आई, एका जागी बस जरा. पण बसवत नाही. उठते, फाटकापर्यंत जाते, परत येते. गॅस पेटवते आणि कशासाठी पेटवला ते आठवत नाही म्हणून बंद करते. आपल्या लेकीला वाटतं, आईला दुःख झालंय. दुःख आहेच. पण त्यात रागही आहे, हे तिला कसं सांगायचं? गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावणार आहे. भांडण अर्धं टाकून उठून जायची तुमची खोड जुनीच आहे.

प्रश्न साधा होता. लग्नाआधी, त्या दुष्काळात, तुम्ही मला शोधत धर्माबादला आलात. माझं लग्न झालंय अशी तुमची पक्की खात्री होती. मग आलात कशाला? तिथं माझा नवरा असता तर काय केलं असतंत? हे मी तुम्हाला भाकरी थापताना विचारलं, रंजनाच्या लग्नात पाहुण्यांना वाढताना विचारलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर डोळ्यांवर पट्टी होती तेव्हाही विचारलं. दर वेळी उत्तर एकच. "मिरची न्यायला आलतो."

फौजेतला माणूस सुट्टी काढून, सरहद्दीवरून आगगाडी बदलत बदलत, मिरची न्यायला येतो होय?

तुमची आत्या, गयाबाई, शिरूरला आमच्या वस्तीत राहायची. आमची आणि तिची भिंत एकच. सुट्टीवर आलात की आधी उदगीरकडे तुमच्या गावी जायचात आणि मग आत्याला भेटायला म्हणून आमच्याकडे यायचात. आत्यावर तुमचा एवढा जीव कधीपासून जडला, असं माझी आई एकदा बोललीच होती. त्यातल्याच एका सुट्टीत तुम्ही कातडी कव्हराचा रेडिओ आणलात आणि आत्याच्या फळीवर ठेवून दिलात. आख्ख्या वस्तीत तो पहिला. संध्याकाळी माणसं अंगणात येऊन बसायची. माझा बाप गवंडी, दिवसभर दगड-मातीत राबून यायचा आणि बातम्या ऐकत तिथंच डुलक्या घ्यायचा.

लढाई होणार, होणार, असं सगळे म्हणत होते. तुम्हाला जायचं होतं. मी हौदावर घागर भरत होते, तुम्ही तोंड धुवायचं निमित्त करून आलात. पत्र टाकू नको म्हणालात. पोरीनं फौजेत पत्र टाकलं की आधी पोस्टात कळतं आणि मग गावाला कळतं. पण रेडिओला गाण्याची फर्माईश टाकली तर कोण काय म्हणणार? सगळ्या पोरी टाकतात.

"गाणं कुठलं का आसंना," तुम्ही म्हणालात. "तुझं नाव आन् गावाचं नाव कानावर पडलं की मला कळंल. हायेस, बरी हायेस, आन् बापाच्याच घरी हायेस."

शेवटचं वाक्य बोलताना तुम्ही माझ्याकडे न बघता हौदाकडे बघत होतात. लग्नाचं त्यापेक्षा जास्त तुम्ही कधी बोलला नाहीत, लग्न झाल्यावरसुद्धा. मला तेवढ्यात सगळं समजलं होतं, म्हणून घागर भरून वाहायला लागली तरी मी तशीच उभी होते.

मग माझा धंदाच झाला तो. सातवी शिकलेली होते, हिंदीतून कार्ड लिहिता येत होतं. थोड्या दिवसांत मला एक कळलं, आपल्याला आवडणारं गाणं मागायचं नाही. जे गाणं सगळा मुलूख मागतोय तेच मागायचं, म्हणजे नावांच्या रांगेत आपलंही नाव बसून जातं. किती कार्डं टाकावीत तेव्हा एखादं लागायचं. पहिल्यांदा लागलं तेव्हा रेडिओवरचा माणूस आमच्या गावाच्या नावाला अडखळला, 'शिरूर अनंतपाल से निर्मला' म्हणाला आणि पुढच्या गावाला गेला. मी नुसतं शिरूर लिहीत नव्हते. शिरूर दुसरीकडेही आहेत, तुमचा घोटाळा नको म्हणून पूर्ण नाव लिहायची. बघा, पत्त्याची एवढी काळजी घेणारी बाई मी! बापाची झोप उडाली. "माझ्या पोरीचं नाव रेडिओत आलं," असं तो दुसऱ्या दिवशी कामावर सगळ्यांना सांगत सुटला.

तुमचंही यायचं. फौजी भावांच्या फर्माईशीत 'सिपाही नामदेव' ऐकलं की मी चुलीत फुंकर घालायला वाकायची, कारण तोंड कुठं लपवायचं हा प्रश्न असायचा. नामदेव काय फौजेत एकच होता? पण मला पलटणीचं नाव पाठ होतं. रेडिओनं आपली दोघांची नावं साऱ्या देशात घेतली आणि वस्तीत कुणाला पत्ता नव्हता. नंतर लग्न झालं, मी रीतीप्रमाणे तुमचं नाव घ्यायचं टाळलं, तेव्हा तुम्ही चिडवायचात, तुझ्याऐवजी रेडिओनं घेतलंय म्हणून.

त्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं. आधीचं वर्षही कोरडंच गेलेलं. बांधकाम कुठून निघणार? बापाची थापी कोपऱ्यात पडून राहिली. गयाआत्या नवऱ्याबरोबर निलंग्याकडं खडी फोडायला गेली आणि रेडिओला कुलूप लागलं. दिवाळीच्या आत आमचंही बिऱ्हाड उठलं. माझा मामा धर्माबादच्या मोंढ्यात हमाल होता, त्याच्या आसऱ्याला गेलो. बाप आणि दादा पोती उचलायला लागले. मी आणि आई मिरचीचे देठ खुडायला.

ते काम तुम्हाला कधी कळलं नाही. दिवसभर मिरचीच्या ढिगात बसायचं. हात पेटायचे, रात्री पाण्यात बुडवून ठेवले तरी थंड व्हायचे नाहीत, आणि पाणी तरी कुठं होतं? डोळ्याला हात लागू द्यायचा नाही, रडू आलं तरी पुसायचं नाही. शेजारी बसणाऱ्या बाया तेलुगू बोलायच्या, त्या मला खुणेनं शिकवायच्या. मोंढ्याच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात रेडिओ होता. त्या हातांनी मी कार्डं लिहिली. आणि कार्डावर खरं तेच लिहिलं. धर्माबादला होते, म्हणून धर्माबाद लिहिलं. तुम्हाला कळायला नको का, मी कुठं गेले ते?

आणि लढाई पेटलेली असताना, ज्या दिवसांत रेडिओवर गाण्यांपेक्षा बातम्याच जास्त होत्या, नेमकं ते कार्ड लागलं. 'धर्माबाद से निर्मला.' मी ढिगावरून उठून उभी राहिले. म्हटलं, ऐकलं असेल. आता कळलं असेल.

ऐकलंच होतंत तुम्ही. खंदकात कुणाच्या तरी छोट्या रेडिओवर, कान लावून. आणि काय कळलं तुम्हाला? निर्मलाचं लग्न झालं, धर्माबादला दिली!

यावरून आपण जन्मभर भांडलो. तुमचं म्हणणं, पोरीचं गाव बदललं म्हणजे दुसरं काय समजायचं? पोरीचं गाव लग्नातच बदलतं. माझं म्हणणं, दुष्काळात सगळ्या मुलखाचं गाव बदलत होतं, एकट्या पोरीचं कुठलं घेऊन बसलात? तुम्ही म्हणायचात, कार्डावर शिरूरच लिहायला पाहिजे होतंस. मी म्हणायचे, खोटा पत्ता लिहू? मग तुम्ही म्हणायचात, आत्याला पत्र टाकून विचारलं होतं, ते परत आलं. मी म्हणायचे, येणारच, आत्या खडीवर होती. फौजेत वेळच्या वेळी जेवणाची घंटा वाजते, तुम्हाला काय कळणार दुष्काळ. इथं आलं की तुम्ही चप्पल घालून बाहेर निघून जायचात. येताना मात्र माझ्यासाठी काहीतरी आणायचात, पेरू नाहीतर खारे शेंगदाणे.

पण त्यानंतर तुमचं नाव रेडिओवर यायचं बंद झालं, त्याचा हिशेब तुम्ही कधी दिला नाहीत. मी हॉटेलाच्या भिंतीशी उभी राहून ऐकायची. सगळ्या पलटणींतले नामदेव, किसन, बाबू, सगळे गाणी मागायचे, तुमचं नाव नाही. लढाई जिंकली म्हणून मोंढ्यात गुलाल उधळला. मला वाटलं, गेले. कुणाला विचारणार? मी तुमची कोण होते? विधवेला निदान रडता येतं हो. मी मिरची खुडत बसले आणि डोळे पुसले नाहीत.

आत्तासुद्धा मी तशीच आहे, बघा. फरक एवढाच की या वेळी रडायचा अधिकार आहे आणि रडू येत नाही. नुसती चालतेय.

उन्हाळा तापला तेव्हा तुम्ही आलात. शेजारच्या तेलुगू बायका कुजबुजल्या, मिलिट्री आला, मिलिट्री आला. मी नाकातोंडाला फडकं बांधलेलं, वर बघितलं तर तुम्ही. वाळलेले, काळवंडलेले, हातात कापडी पिशवी. मोंढ्यातल्या ठसक्यानं आल्या आल्या तुम्हाला शिंका सुटल्या. बाया हसायला लागल्या. मला हसायचं की ओरडायचं ते समजेना. मेलेला माणूस शिंकत होता.

शिंका थांबल्यावर तुम्ही मला काय विचारावं? "सासरची मंडळी कुठं हायेत?"

"कुणाच्या सासरची?" मी म्हटलं. "आबा आन् दादा तिकडं पोती उचलायलेत."

तुम्ही माझ्या गळ्याकडे बघितलंत. मग मागच्या पोत्यावर बसलात आणि टॉवेल तोंडावर धरून किती तरी वेळ तसेच राहिलात. नंतर म्हणालात, मिरची लागली डोळ्याला. मग पिशवीतून एक पुडा काढलात. हिरवी साडी, काठाला पिवळी रेघ. नांदेडला उतरून घेतली म्हणालात. दिलीत आणि पिशवी लगेच बंद केलीत. पुढं त्याच साडीत आपलं लग्न लागलं. बुद्धवंदना झाली, जेवणावळीला काही नव्हतं, सगळ्यांना गूळ-फुटाणे वाटले. जाताना तुम्ही खरंच मिरची विकत घेऊन गेलात, म्हणजे पुढं जन्मभर सांगायला सोय झाली.

नंतरचं सगळं रंजनाला माहीत आहे. तुम्ही फौजेतून सुटलात, आपण शिरूरला हे घर बांधलं, भिंती माझ्या बापानं स्वतः उभ्या केल्या. त्याच सुमारास लातूर नवा जिल्हा झाला आणि तिथल्या नव्या ऑफिसात तुम्हाला पहाऱ्याची नोकरी लागली. पहिलं पत्र आलं 'जिल्हा लातूर' लिहिलेलं. तोवर आपण उस्मानाबाद जिल्ह्यात होतो. मी ते पाकीट घेऊन तुमच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, हे बघा, घर जाग्यावर, चूल जाग्यावर, मी जाग्यावर, आणि पत्ता बदलला. आता सांगा, माझं लग्न दुसऱ्या कुणाशी लागलं का? तुम्ही इतके हसलात की पान तोंडातून सांडलं. पुढं शिरूर तालुका झाला, निलंगा तालुक्याचं नाव पत्त्यातून गेलं, तेव्हा तुम्ही आपणहूनच म्हणालात, "झालं का तुजं तिसरं लगीन?"

असं हसवून तुम्ही दर वेळी निसटलात.

मला काय ऐकायचं होतं ते आता सांगायला हरकत नाही. तुम्ही म्हणावं, नवरा असता तर त्याच्या नाकावर टिच्चून तुला घेऊन गेलो असतो. असं कुणी करत नाही, करूही नये, मला कळतं. पण ऐकायचं होतं. बंदुकीची सवय असलेला माणूस, एवढ्या लांबून आला, तो काही ठरवून आला असेल की नाही? मी मनात तेच धरून बसले होते. तुमच्याकडून फक्त वदवून घ्यायचं होतं.

काल विधी झाल्यावर दादानं माहेरची साडी दिली. थकलाय आता दादा, रंजना त्याला हाताला धरून आत घेऊन आली. साडी ठेवायला जागा करावी म्हणून मी तुमची काळी पेटी उघडली. तुमच्या हयातीत तिला कुणी हात लावला नाही. वर गणवेश, त्याखाली पदकाची डबी, पलटणीचा फोटो. तळाशी एक पुडा. खाकी कागद, लाल शाईतलं नांदेडच्या दुकानाचं नाव पुसट झालेलं. माझ्या हिरव्या साडीचा कागद असाच होता. मी तो किती तरी वर्षं फळीवर अंथरला होता.

आत शर्टाचं पांढरं कापड, पायजम्याचं कापड, एक टॉवेल आणि एक टोपी. कापड घडीवर पिवळं पडलेलं, टोपी कोरी.

रंजनाला वाटलं, बाबांचंच असेल. तुमचं कसं असेल? फौजेची टोपी उतरवल्यावर दुसरी टोपी डोक्याला लावणार नाही म्हणून तुम्ही रंजनाच्या लग्नातसुद्धा उघड्या डोक्यानं उभे राहिलात. शर्टाचं कापड, पायजमा, टॉवेल-टोपी. लेकीच्या सासरी गेल्यावर जावयाला जो आहेर करतात, तो हा. पुरा आहेर.

दादानं पुडा हातात घेऊन उलटापालटा केला. "पाव्हण्यांच्या पिशवीत तवा दोन पुडे व्हते," तो म्हणाला. "म्या दुसऱ्याचं इचारलं, तर म्हनले, त्यात मिरची हाय."

मी पेटीपाशीच बसले. काल तेवढा वेळ मी एका जागी बसले.

म्हणजे हे ठरवून आला होतात. मला न्यायला नाही, द्यायला. नांदेडच्या दुकानात उभे राहून माझ्या नवऱ्यासाठी कापड फाडून घेतलंत. तो कसा आहे, जाड की बारीक, काही माहीत नव्हतं, म्हणून भरपूर घेतलंय. त्यात सहज दोन शर्ट होतील. साडी माझ्या हातात, टोपी त्याच्या डोक्यावर, आणि सासूला सांगणार काय तर मी शिरूरहून आलोय, हिच्या माहेरचा. तुमच्या बहिणीला माहेरचं कुणी येत नाही म्हणून सासरी काय काय ऐकावं लागलं, ते तुम्ही पाहिलं होतं. माझा बाप असल्या वर्षात काही देऊ शकणार नाही, हे खंदकात बसूनही तुम्हाला कळलं होतं. दुष्काळ तुम्हाला कळत नाही असं मी जन्मभर म्हणत आले, आणि तुम्ही एकदाही पेटी उघडून दाखवली नाहीत.

फार राग आला मला. इतक्या सहज सोडून देणार होतात? एक शब्द न बोलता, आहेर करून, शिंका आवरत, परत गाडीत बसणार होतात? कुणी मागितलं होतं हे मोठं मन? आणि मग तिथंच, कापडावर हात ठेवून, मला रडू आलं. लढाईतून जिवंत राहिलेला माणूस पहिल्या सुट्टीत आपली खरेदी करत नाही, घरच्यांची करत नाही, दुसऱ्याच्या झालेल्या पोरीला सासरी कुणी कमी लेखू नये म्हणून बाजारात उभा राहतो. असा माणूस मला मिळाला होता, आणि त्याला मी रोज साखरेवरून बोलत होते. या वेळी डोळे पुसले. हातांना मिरची नव्हती.

रंजना म्हणाली, हे सगळं विहारात देऊन टाकू, कुणाच्या तरी अंगाला लागेल. मी नाही म्हटलं. सकाळी पुडा तुमच्या फोटोसमोर ठेवलाय. टोपीची घडी मोडून फोटोच्या चौकटीवर घातली होती, ती वाऱ्यानं पडली, मी परत घातली. तेव्हापासून घरातून फेऱ्या मारतेय, कारण जुन्या प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि दुसरा उभा राहिला, आणि आता तर मिरचीचं नाव सांगायलाही तुम्ही नाही.

ते कापड निर्मलाच्या नवऱ्यासाठी आणलं होतंत ना? मग इतकी वर्षं शिवून अंगात का घातलं नाहीत?